महाविद्यालयाच्या नेटवर्कवर आरस्टुडिओ सर्व्हर सांभाळताना

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील महाविद्यालयांनी प्रत्येक संगणकावर ‘आर’ ही संख्याशास्त्राची प्रोग्रॅमिंग भाषा बसवण्यापेक्षा एका लिनक्स यंत्रावर आरस्टुडिओ सर्व्हर, म्हणजे ब्राउझरमधून ‘आर’ वापरू देणारे सॉफ्टवेअर, बसवावा. विद्यार्थ्यांना मग केवळ ब्राउझर पुरतो.

हा सर्व्हर मुळात 8787 क्रमांकाच्या पोर्टवर (नेटवर्कवरील जोडणीच्या दारावर) चालतो आणि लिनक्सचीच खाती वापरतो, म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र खाते द्यावे, सामायिक पासवर्ड कधीही देऊ नये. मोफत आवृत्तीत एचटीटीपीएसची, म्हणजे सांकेतिक सुरक्षित जोडणीची, सोय नसल्याने पुढे एनजिनएक्स हा ती सोय देणारा वेब सर्व्हर ठेवून 8787 पोर्ट बाहेरून बंद करावे. सर्वांना लागणारी ‘आर’ची पॅकेजेस (जोड-संच) प्रशासकानेच एकदा सामायिक ठिकाणी बसवावीत.

खरी काळजी मेमरीची घ्यावी लागते. ‘आर’ माहिती रॅममध्ये ठेवत असल्याने एकाच विद्यार्थ्याने मोठी फाइल उघडली तरी संपूर्ण वर्गाचे काम अडते. तेव्हा प्रत्येक खात्याची मेमरीची मर्यादा ठरवावी. दोन तास पडून राहिलेले सत्र आपोआप डिस्कवर जाते, म्हणून प्रत्येक खात्याच्या होम फोल्डरमधील जागाही तपासत राहावी.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट मी आग्रहाने सांगेन. ऊस सर्वेक्षणाच्या एकाच रकान्यात गावांची नावे कधी मराठीत, कधी कन्नडमध्ये असतात. सर्व्हरचे लोकेल (भाषा व अक्षरांची मांडणी) यूटीएफ-8, म्हणजे सर्व लिप्या सामावणारी अक्षर-संकेतपद्धती, ठेवावे आणि एक्सेलमधून सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल) काढतानाही ‘सीएसव्ही यूटीएफ-8’ हाच पर्याय निवडावा. अन्यथा ‘खानापूर’च्या जागी नुसती प्रश्नचिन्हे उमटतात आणि मूळ अक्षरे त्या फाइलमधून परत मिळत नाहीत.