कॅरियर सोडा, पोरगं शिकतंय

सायकल घ्यायला आलेले पालक दुकानात आधी सपोर्टची चाकं मागतात. मी लावून देतो, पण त्याआधी एक उपाय सांगतो.

पंधरा एमएमच्या पान्यानं दोन्ही पायडल काढा. डाव्याचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरवलं की सुटतं. मग सीट इतकी खाली घ्या की पोराचे दोन्ही तळवे जमिनीला टेकले पाहिजेत. सकाळी लवकर आपल्या कोल्हापुरातल्या तपोवन मैदानावर न्या. रंकाळा तलावावर संध्याकाळी गर्दीत नको.

पोरगं पायानं रेटत जाईल, मग जरा वेग आला की आपणहून पाय उचलेल. सायकल डावीकडं कलली की हॅन्डलही डावीकडंच वळवावं लागतं, तरच ती सावरते. हे सांगून कळत नाही, अंगालाच कळावं लागतं. सपोर्टच्या चाकांवर सायकल कलतच नाही, मग पोरगं सावरायला शिकणार कधी? तुम्ही कॅरियर धरून पळलात तरी तेच होतं. शेजारून चाला, हात मागं बांधा. आणि "चाकाकडं नको, पुढं बघ" एवढंच सांगत राहा. दगडाकडं बघत राहिलं की सायकल दगडावरच जाते.

तोल जमला की पायडल बसवा, पण त्याआधी ब्रेक. नुसता पुढचा कचकन दाबला तर पोरगं हॅन्डलवरून जाईल. दोन्ही मिळून, हळूहळू दाबायची सवय लावा. आपल्याकडं जून-जुलैत रिम ओली असते, ब्रेक उशिरा लागतो. एखाद्या पावसाळी दिवशी मैदानातच रेघ मारून तिच्यावर थांबायला लावा. किती आधी दाबायचं याचा अंदाज पोरं स्वतःच बांधतात.

चेन उतरली तर तुम्ही धावू नका. आमच्या गल्लीतली तिसरीतली एक पोरगी सायकल उलटी करते, दात्यावर वरून दोन-तीन कड्या अडकवते, मग बोटं बाजूला घेऊन पायडल सावकाश फिरवते. तिची आई शेजारी उभी असते, हात लावत नाही. मला ती माउली फार आवडते.

रस्त्यावर सोडण्याआधी मात्र एक परीक्षा घ्याच. सरळ चालवत असताना मागून हाक मारा. पोरानं उजव्या खांद्यावरून मागं बघितलं आणि सायकल रेघेवरून हलली नाही, तरच गल्लीबाहेर जाऊ द्या.