माजी सैनिकांची सेवा करणाऱ्या व्यक्तीसाठी पद्मश्रीची शिफारस कशी लिहावी

सातारा, सांगली, कोल्हापूर या जिल्ह्यांत घरटी फौजी असलेली गावे आहेत आणि अशा बहुतेक गावांत माजी सैनिकांच्या व वीरपत्नींच्या कामांसाठी विनामोबदला धावपळ करणारे कुणीतरी असतेच. त्या व्यक्तीचे नाव पद्मश्रीसाठी सुचवण्याचा अधिकार आपल्यालाही आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. १९५४ मध्ये सुरू झालेल्या पद्म पुरस्कारांसाठी कोणीही शिफारस करू शकते, स्वतःचीसुद्धा, आणि अशा सेवेसाठी 'समाजकार्य' हे क्षेत्र निवडता येते.

लिहायला बसण्यापूर्वी पात्रता पाहून घ्यावी. डॉक्टर आणि शास्त्रज्ञ वगळता सरकारी किंवा सार्वजनिक उपक्रमांतील नोकरीत असलेली व्यक्ती पात्र ठरत नाही, त्यामुळे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातील एखादा कर्मचारी कितीही तळमळीने काम करत असला तरी तो नोकरीत असेपर्यंत त्याचे नाव पाठवता येत नाही. हा पुरस्कार सहसा मरणोत्तर दिला जात नाही, म्हणून ज्यांचे वय झाले आहे त्यांची शिफारस पुढच्या वर्षावर ढकलू नये.

शिफारशीचा खरा कस लागतो तो जास्तीत जास्त ८०० शब्दांच्या कार्यवर्णनात. केवळ दीर्घ सेवा पुरेशी नाही, ती विशेष असावी लागते, असा या पुरस्काराचा निकष आहे. तरीही बहुतेक शिफारशी 'निःस्वार्थी', 'थोर', 'अहोरात्र' अशा विशेषणांतच संपतात आणि त्या व्यक्तीने नेमके काय केले ते वाचणाऱ्याला कळतच नाही. समजा, एक निवृत्त शिक्षिका दर नोव्हेंबरमध्ये गावच्या मंदिरात लॅपटॉप घेऊन बसतात आणि निवृत्तिवेतनधारकांचे हयातीचे दाखले भरून देतात. आयुष्यभर शेतात राबलेल्या म्हाताऱ्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, यंत्र ठसा घेत नाही. तेव्हा त्या शिक्षिका समोरच्या आजींचे हात कोमट पाण्याने धुऊन, पुसून पुन्हा प्रयत्न करतात आणि तेही जमले नाही तर मोबाईलवर चेहऱ्याची ओळख पटवून दाखला पूर्ण करतात. दाखला वेळेत गेला नाही तर निवृत्तिवेतन थांबते आणि त्या घरात तेवढेच उत्पन्न असेल तर किराणाही थांबतो. हे असेच्या असे लिहावे.

याहून अवघड काम नावांतील फरकाचे असते. पीपीओवर, म्हणजे निवृत्तिवेतन मंजुरीच्या आदेशावर, 'लक्ष्मीबाई' आणि आधारवर 'लक्ष्मी' असले की कुटुंब निवृत्तिवेतन अडकते. मग डिस्चार्ज बुक (सैन्यातील सेवेची नोंद असलेले पुस्तक) शोधणे, प्रतिज्ञापत्र करणे, सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार करणे आणि 'स्पर्श' या संरक्षण निवृत्तिवेतनाच्या ऑनलाईन प्रणालीत दुरुस्ती करून घेणे यांत महिनेच्या महिने जातात. अशी एखादी गोष्ट पहिल्या पत्रापासून खात्यात पैसे जमा होईपर्यंत सविस्तर सांगावी आणि उरलेली कामे संख्येत द्यावीत: किती कुटुंबे, किती गावे, कोणत्या वर्षापासून. आकडा मोजलेला असावा, अंदाजाने फुगवलेला नसावा. सेवा करणाऱ्यांनी नोंदी ठेवलेल्या नसतात आणि विचारले तर 'त्यात काय एवढे' म्हणून विषय बदलतात, म्हणून ही माहिती त्यांच्याकडून न घेता ज्यांची कामे झाली त्यांच्या घरी जाऊन गोळा करावी लागते. त्या वेळी प्रत्येक कुटुंबाची परवानगी घ्यावी आणि बँक खाते किंवा आधार क्रमांक दिसणारा एकही कागद शिफारशीसोबत जोडू नये.

अर्ज केवळ राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर ऑनलाईन स्वीकारला जातो आणि अंतिम तारीख दरवर्षी तेथेच पाहावी. आलेली नावे मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखालील पद्म पुरस्कार समितीपुढे जातात आणि निवड झालेल्यांची घोषणा प्रजासत्ताक दिनाच्या पूर्वसंध्येला होते. मरणोत्तर पुरस्कार आणि अनिवासी भारतीय वा परदेशी मानकरी सोडल्यास वर्षाला एकूण १२० हून अधिक पद्म पुरस्कार दिले जात नाहीत, त्यामुळे स्पर्धा मोठी असते. पुरस्कारासोबत रोख रक्कम नसते आणि तो नावापुढे पदवीसारखा लावताही येत नाही, हे त्या व्यक्तीच्या घरच्यांना आधीच सांगितलेले बरे.

उशीर झाला म्हणून कचरू नये. १९६५ च्या युद्धात गोळ्या झेललेले सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक मिळवले आणि त्यांना पद्मश्री मिळाली ती २०१८ मध्ये.

अर्ज सादर करण्यापूर्वी तयार मजकूर एखाद्या अशा वीरपत्नीला वाचून दाखवावा, जिचे काम त्यात सांगितले आहे. तिने तारीख किंवा रक्कम वेगळी सांगितली, तर घरातले बँकेचे पासबुक काढून तपासावी आणि मगच अर्ज पाठवावा.