कर्लिंगची वर्ल्ड चॅम्पियनशिप पहिल्यांदा बघताय? मग आधी शेवटचा दगड कोणाचा ते बघा

२०२५ च्या मार्चअखेरीला पुरुषांची वर्ल्ड कर्लिंग चॅम्पियनशिप कॅनडात मूस जॉला होती, आम्ही राहतो रिजायनाला म्हणजे गाडीने साधारण सत्तर किलोमीटर, आणि नेमके तेव्हाच माझे सासरे साताऱ्याहून आलेले, मग काय, तिकिटं काढली आणि गेलो. कर्लिंग म्हणजे बर्फावरून जड दगड सरकवत वर्तुळात थांबवायचा खेळ, आणि बाबा जुने कॅरमवाले. पहिले दोन एंड, म्हणजे डाव, गप्प बसून बघत होते, मला वाटलं कंटाळले बहुतेक, आणि तिसऱ्या एंडला हळूच विचारतात, "अगं, ह्यात शेवटचा दगड कोणाचा असतो ते कोण ठरवतं?" मी म्हटलं बाबा, तुम्हाला गेम कळला! कारण खरंच सांगते, कर्लिंगमध्ये बाकी सगळं नंतर, हा एक प्रश्न आधी. म्हणून हे लिहितेय, ज्यांना कोणाला ही चॅम्पियनशिप घरी बसून पहिल्यांदा बघायचीय त्यांच्यासाठी, नियमांचं पुस्तक नाही, नजर कुठे ठेवायची एवढंच.

आधी अगदी थोडक्यात मैदान समजून घ्या. बर्फाची लांब पट्टी असते तिला शीट म्हणतात, ४५ मीटरच्या थोडी वर लांब आणि जास्तीत जास्त ५ मीटर रुंद. दोन्ही टोकांना गोल वर्तुळं, त्याला हाऊस म्हणायचं, सगळ्यात मोठ्या वर्तुळाचा व्यास १२ फूट आणि मधला ठिपका म्हणजे बटण. दगड ग्रॅनाइटचे, एकेक १७ ते २० किलोचा. हा ग्रॅनाइट स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळच्या एल्सा क्रेग नावाच्या छोट्या बेटावरचा. टीममध्ये चौघं, प्रत्येकाचे दोन दगड, म्हणजे एका टीमचे आठ, दोघांचे मिळून सोळा टाकून झाले की एक एंड संपला. असे दहा एंड. पॉइंट फक्त एकाच टीमला मिळतात, ज्यांचा दगड बटणाच्या सगळ्यात जवळ त्यांना, आणि समोरच्यांच्या सगळ्यात जवळच्या दगडापेक्षा यांचे जितके दगड आत, तितके पॉइंट. झालं, एवढं पुरे.

आता हॅमर. शेवटचा म्हणजे सोळावा दगड ज्यांचा त्यांच्याकडे हॅमर. पहिल्या एंडचा हॅमर कोणाला हे टॉसवर नाही ठरत, मॅचआधी दोन्ही टीम बटणावर दोन-दोन दगड टाकतात, एक उजवीकडे फिरवून आणि एक डावीकडे फिरवून, आणि बटणापासूनचं अंतर सेंटीमीटरमध्ये मोजतात, ज्यांची बेरीज कमी त्यांना हॅमर. पुढे नियम असा की ज्यांनी पॉइंट घेतला त्यांच्या हातून हॅमर जातो, समोरच्यांना मिळतो. आणि कोणालाच पॉइंट मिळाला नाही तर ज्यांच्याकडे होता त्यांच्याकडेच राहतो.

ह्या शेवटच्या वाक्यावर जरा थांबा, कारण नवीन माणूस हमखास इथेच गोंधळतो. तुम्हाला दिसेल की हाऊसमध्ये फक्त समोरच्यांचा एक दगड शिल्लक आहे, स्किपच्या, म्हणजे कॅप्टनच्या, हातात शेवटचा दगड आहे, तो उडवून आपला तिथे ठेवला की सरळ एक पॉइंट मिळतोय, आणि हा स्किप काय करतो तर त्यांचाही उडवतो आणि आपलाही मुद्दाम बाहेर घालवतो. शून्य! बाबा तर उठूनच उभे राहिले होते, "आयता पॉइंट घालवला की रे!" घालवला नाही, हॅमर जपला. एक पॉइंटसाठी हॅमर देणं परवडत नाही, हॅमर असताना दोन तरी हवेत. आणि ज्यांच्याकडे हॅमर नाही त्यांचं सगळं डोकं कशात, तर समोरच्यांना एकावरच समाधान मानायला लावायचं, किंवा जमलंच तर हॅमर नसताना आपणच पॉइंट मारायचा, त्याला स्टील म्हणतात, म्हणजे सरळ चोरी.

म्हणून माझी पद्धत सांगते. प्रत्येक एंड सुरू होताना स्वतःशी तीन गोष्टी बोलायच्या: स्कोअर काय, हॅमर कोणाकडे, किती एंड राहिले. नुसता स्कोअर बघून काही कळत नाही. नववा एंड संपलाय आणि ४-४ आहे, तर ही बरोबरी आहे का? नाही, ज्यांच्याकडे दहाव्याचा हॅमर ते पुढे आहेत, त्यांना फक्त एक पॉइंट हवाय आणि शेवटचा हातही त्यांचाच. २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकची फायनल आठवा, स्वीडनचा निकलस एडीन आणि ब्रिटनचा ब्रूस मोअट. दहाव्या एंडला स्वीडन ४-३ पुढे, हॅमर ब्रिटनकडे, त्यांना दोन हवे होते पण एकावरच अडकले, ४-४ झालं, आणि एक पॉइंट घेतला म्हणजे जादा अकराव्या एंडचा हॅमर गेला स्वीडनकडे. एडीनने ५-४ ने गोल्ड नेलं. ब्रिटनने बरोबरी केली तेव्हाच मॅच त्यांच्या हातून निसटत होती, हे ज्याला दिसलं त्याला कर्लिंग दिसायला लागलं.

पुढची गोष्ट, दगडाकडे नका बघू, आधी स्किपच्या ब्रशकडे बघा. दगड सोडायच्या आधी स्किप लांबच्या हाऊसमध्ये उभा राहून बर्फावर ब्रश टेकवतो, तो ब्रश म्हणजे नेम. पण दगड तिथे जाऊन थांबणार नसतो, वळून दुसरीकडे जाणार असतो, म्हणूनच तर खेळाचं नाव कर्लिंग. हँडल घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरत असेल तर दगड उजवीकडे वळतो, उलट फिरत असेल तर डावीकडे. घरी एक करून बघा, गुळगुळीत टेबलावर स्टीलचा पेला उपडा ठेवा आणि काट्याच्या दिशेने फिरवत जोरात सरकवा, तो डावीकडे जातो, बरोब्बर उलटा! आमच्या डायनिंग टेबलवर बाबांनी वीस वेळा करून बघितलं. बर्फावर दगड उलटा का वळतो यावर शास्त्रज्ञ अजूनही वाद घालतात.

बर्फ सपाट नसतो हेही लक्षात ठेवा. मॅचआधी माणूस पाठीवर टाकी घेऊन मागे-मागे चालत बर्फावर कोमट पाण्याचे थेंब शिंपडत जातो, ते गोठून बारीक दाणे तयार होतात, त्याला पेबल म्हणतात. दगडाचा तळ आतून खोलगट, टेकते ती फक्त काही मिलिमीटरची एक कडा, ती ह्या दाण्यांवरून धावते. कॅरमबोर्डावर पावडर टाकतो ना, तसंच समजा. मॅच पुढे जाते तसे दाणे झिजतात, काही वाटा जलद होतात, काही मंद, पाचव्या दिवसाची पिच वाचावी तसा स्किप बर्फ वाचत असतो. आणि एक गंमत, बर्फ "फास्ट" असेल तर दगडाला पोचायला जास्त वेळ लागतो, कारण घर्षण कमी म्हणून तो हळूच सोडावा लागतो. कॉमेंटेटर स्टॉपवॉचचे आकडे सांगतात तेव्हा गोंधळू नका, एका हॉग लाइनपासून (दोन्ही हाऊसच्या अलीकडे असते ती आडवी रेष) दुसऱ्या हॉग लाइनपर्यंत साधारण १४-१५ सेकंद म्हणजे चांगला फास्ट बर्फ.

आता ब्रशवाले, म्हणजे स्वीपर. ब्रश घासल्याने दगडाखालचं घर्षण कमी होतं, दगड लांब जातो आणि सरळ राहतो, वळतो कमी. खेळाडूंच्या शर्टाला माइक असतात, त्यामुळे सगळं बोलणं ऐकू येतं आणि माझ्या मते टीव्हीवर बघण्याचा सगळ्यात मोठा फायदा हाच. स्वीपर आकडे ओरडतात, "सिक्स! सेव्हन!" हे आकडे म्हणजे दगड कुठे थांबेल त्याचा अंदाज, १ ते ३ म्हणजे हाऊसच्या अलीकडे गार्ड, म्हणजे आडोशाचा दगड, ४ ते १० हाऊसमध्ये, आणि ७ म्हणजे बरोब्बर बटणाच्या रेषेवर. वेग स्वीपर बघतात आणि दिशा स्किप बघतो, दोघांचं एकमेकांशी बोलणं चालू असतं आणि दगड मध्येच असतो. मूस जॉला आम्ही खालच्या रांगेत होतो, दगड जवळून जाताना एक खोल घरघर ऐकू येते, टीव्हीवर ती नीट येत नाही. एक दगड येत होता, स्किप ओरडतोय "नो, नो, नो", स्वीपरनी ब्रश वर धरलेत, दगड हळू, अजून हळू, आणि शेवटच्या दोन मीटरला एकदम "हार्ड!", दोघं जीव तोडून घासायला लागले, दगड गार्डच्या बाजूने वितभर अंतरावरून सरकला आणि मागच्या दगडाला चिकटून बसला, आवाजसुद्धा नाही, नुसतं टेकल्यासारखं. ह्याला फ्रीझ म्हणतात. असा चिकटलेला दगड उडवणं महाकठीण, कारण मागच्याला धक्का न लावता त्याला हलवताच येत नाही. आजूबाजूच्या म्हाताऱ्या कॅनेडियन लोकांनी फक्त हळू टाळ्या वाजवल्या, पण प्रत्येकजण पुढे झुकलेला.

गार्ड मात्र समजून घ्याच. हाऊसच्या पुढे जे दगड ठेवतात ते आडोसा म्हणून. ज्यांच्याकडे हॅमर नाही ते मध्यभागी गार्ड ठेवून रस्ता अडवतात, हॅमरवाले कडेला ठेवतात, मधला रस्ता मोकळा हवा ना शेवटच्या दगडाला. आणि एंडचे पहिले पाच दगड पडेपर्यंत समोरच्यांचा असा गार्ड खेळाबाहेर उडवता येत नाही, २०१८-१९ पासून पाचाचा नियम आहे, आधी चार होते. ह्या एका नियमाने खेळ खूप सुधारला असं मला मनापासून वाटतं, नाहीतर एखादी टीम पुढे गेली की नुसते गार्ड उडवत बसायची.

टीममध्ये शेवटचे दगड स्किपच टाकतो असंही नाही हं. स्वित्झर्लंडची २०२५ ची टीम बघा, स्किप यानिक श्वालर, पण शेवटचे दोन दगड बेन्वा श्वार्ट्झ-व्हान बर्केल टाकायचा. २०२५ ची फायनल स्कॉटलंडने ह्यांच्याविरुद्धच जिंकली, ५-४. त्या स्कॉटलंडच्या, म्हणजे मोअटच्याच टीमचा लीड (पहिले दोन दगड टाकणारा) हॅमी मॅकमिलन, त्याच्या वडिलांनी त्याच नावाने १९९९ ला स्कॉटलंडसाठी हीच चॅम्पियनशिप जिंकलेली.

चॅम्पियनशिपचा आराखडा सोपाय. १३ देश, सगळे सगळ्यांशी खेळतात म्हणजे प्रत्येकाच्या १२ मॅच, वरच्या सहा टीम पुढे, त्यातल्या पहिल्या दोन थेट सेमीफायनलला. एका वेळी चार शीटवर चार मॅच चालू असतात, त्या सत्राला "ड्रॉ" म्हणतात, आणि हाऊसमध्ये हळूच थांबवलेल्या शॉटलाही "ड्रॉ"च म्हणतात, संदर्भ बघून समजायचं. प्रत्येक टीमला विचार करायला मॅचभरात ३८ मिनिटं, घड्याळ दिसतं स्क्रीनवर. सातव्या-आठव्या एंडला कोणाकडे वेळ कमी राहिलाय ते बघत जा, घाईत चुका होतात.

सुरुवात झाली १९५९ ला, स्कॉच कप नावाने, फक्त स्कॉटलंड आणि कॅनडा. पहिल्या पाचपैकी चार वेळा कॅनडाच्या अर्नी रिचर्डसनची टीम, आमच्या सस्कॅचवानचीच! सगळ्यात जास्त टायटल कॅनडाचीच, पण पुरुषांचं २०१७ चं ब्रॅड गशूचं एडमंटनमधलं विजेतेपद, त्यानंतर २०२५ पर्यंत कॅनडाला ते मिळालं नाही, मध्ये स्वीडनच्या एडीनने २०१८, १९, २१, २२ (२०२० ला कोविडमुळे स्पर्धाच रद्द) आणि पुन्हा २०२४ असा धडाका लावला, एकूण सात.

आणि एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, १९७२, जर्मनीतलं गार्मिश-पार्टेनकिर्शेन. शेवटच्या एंडला अमेरिका दोनने पुढे, कॅनडाच्या ओरेस्ट मेलेश्चुकने शेवटचा दगड टाकला आणि अमेरिकेच्या स्किपला, बॉब लाबोन्टेला वाटलं जिंकलो, आनंदाने उडी मारली, पाय घसरला आणि पायाचा धक्का कॅनडाच्या त्या दगडाला लागला. अजून मोजायचं होतं! ते दोन पॉइंट कॅनडाला गेले, बरोबरी झाली आणि जादा एंडमध्ये कॅनडा जिंकला. त्यानंतर कॅनडाला थेट १९८० पर्यंत टायटल नाही, त्याला लोक लाबोन्टेचा शाप म्हणतात. म्हणून बघा, आजही शेवटचा दगड थांबला तरी दोन्ही टीमचे थर्ड (तिसऱ्या नंबरचे खेळाडू) वाकून बघतात, पॉइंटवर दोघांचं एकमत होतं आणि मगच दगडांना हात लागतो. आणि स्वीप करताना ब्रश चुकून दगडाला लागला तर खेळाडू स्वतः सांगतो, अंपायरने पकडायची वाट बघत नाही. हार दिसली की हातमोजे काढून हस्तांदोलन करतात, मॅच तिथेच संपते, ते पळणं नसतं, समोरच्याच्या खेळाला दिलेला मान असतो.

भारतात बसून बघायचं तर वेळेचं गणित करा. स्पर्धा कॅनडाच्या ह्या भागात असेल तर साडेअकरा तासांचा फरक, संध्याकाळी सातचा ड्रॉ म्हणजे तुमच्याकडे सकाळी साडेसहा, चहाबरोबर मस्त. युरोपात असेल तर अजून सोपं, दुपार-संध्याकाळ मिळते. आणि त्याआधी सराव हवा असेल तर वर्ल्ड कर्लिंगच्या यूट्यूब चॅनलवर जुन्या पूर्ण मॅच आहेत, कुठलीही फायनल लावा, पण पहिल्या एंडपासून नका बघू, थेट आठव्या एंडला जा, स्कोअर बघा, हॅमर कोणाकडे ते बघा, व्हिडिओ पॉज करा आणि स्वतः ठरवा की आता एक घ्यायचा का शून्य ठेवायचा, मग प्ले करा. बाबा साताऱ्याला परत गेलेत, आता रोज रात्री एक एंड बघतात आणि फोनवर मला विचारतात, "ह्यानं इथे गार्ड का नाही ठेवला?" कालचा एंड मीही परत लावून बघितला, ठेवायला हवा होता.