घरात परवान्याचं पिस्तूल आहे? मग या चुका टाळा

कोथरूडला आमचे एक काका राहतात. पहाटे पावणेपाचला लॅचमध्ये किल्ली फिरल्याचा आवाज आला म्हणून ते उठले, कपाटातून पिस्तूल काढलं आणि अंधारात पॅसेजच्या तोंडाशी उभे राहिले. बोट चापावर. दार उघडलं, पाठीवर सॅक घेतलेला कुणीतरी आत आला आणि बूट काढायला खाली वाकला. बंगळूरची बस वेळेआधी पोचली होती आणि चिरंजीव आईला सरप्राइज द्यायला न सांगता आले होते.

काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी काका मला हे सांगत होते ते 'बघ, मी किती सावध असतो' अशा थाटात. ऐकताना मला घाम फुटला. दिवा लावला नाही, आवाज दिला नाही, काकूंना उठवलं नाही, आणि समोर कोण आहे ते कळायच्या आधीच बोट चापावर. यातली एकही चूक नेमबाजीची नाही. परवानाधारकांच्या बहुतेक चुका नेमबाजीच्या नसतातच.

माझ्याकडे ३२ बोअरचं पिस्तूल आहे आणि मुळशीच्या शेतावरच्या घरासाठी वडिलांची बारा बोअरची छऱ्यांची बंदूक. खाली लिहिलेल्या चुकांपैकी काही माझ्या स्वतःच्याच आहेत.

'रिकामंच आहे ते'

रेंजवर सराव संपला होता, पिस्तूल रिकामं करून पिशवीत ठेवायचं होतं. मी स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढली, चेंबरमधलं, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या खोबणीतलं, काडतूस टुणकन बाहेर पडलं. मग मॅगझिन (मुठीतली काडतुसांची पेटी) काढलं. झालं रिकामं, म्हणून चाप दाबला. धाडकन बार झाला आणि गोळी समोरच्या मातीच्या ढिगात गेली. शिकवणारे निवृत्त सुभेदार माझ्याकडे न बघताच म्हणाले, "साहेब, रिकामं होतं ना? मग माझे कान कशानं वाजले?"

काय झालं होतं? मी स्लाइड ओढली तेव्हा मॅगझिन आतच होतं. पहिलं काडतूस बाहेर पडलं आणि स्लाइड पुढे जाताना तिनं दुसरं उचलून चेंबरमध्ये नेऊन ठेवलं. त्यानंतर मॅगझिन काढून काय उपयोग? क्रम उलटा झाला की पिस्तूल दिसतं रिकामं आणि असतं भरलेलं.

क्रम असा: आधी मॅगझिन काढून टेबलावर, मग स्लाइड. दोन-तीनदा ओढायची, शेवटी मागे अडकवून ठेवायची, चेंबरमध्ये डोळ्यांनी बघायचं आणि करंगळी घालून चाचपायचं. करंगळी हसण्यावारी नेऊ नका. रात्री, चष्मा नसताना, पितळेची पुंगळी आणि लोखंड यांतला फरक बोटालाच कळतो. हे चालू असताना बोट चापाबाहेर, सरळ ताणलेलं.

मग प्रश्न उरतो की तोवर नळी कुठे धरायची. फ्लॅटमध्ये वर शेजारी, खाली शेजारी, डावीकडे शेजारी. मी रंगाचा वीस लिटरचा रिकामा डबा आणला, कोरड्या वाळूनं काठोकाठ भरला आणि कपाटाशेजारी ठेवला. पिस्तूल भरणं आणि रिकामं करणं त्या डब्यात नळी रोखूनच. बायको त्याला 'तुझं देवघर' म्हणते.

बारा बोअर: आजोबांची बंदूक, आजची काडतुसं

पुण्यात जुन्या डबल बार, म्हणजे दुनळी, बंदुका अजून बऱ्याच घरांत आहेत. वाड्यातून बंगल्यात आल्या, बंगल्यातून फ्लॅटमध्ये. बंदूक जुनी असली की तिच्या चेंबरची लांबी किती हे कुणी विचारत नाही, आणि खरा धोका तिथेच असतो.

जुन्या इंग्रजी बनावटीच्या बऱ्याच बंदुकांचं चेंबर ६५ मिलीमीटरचं, म्हणजे अडीच इंची असतं. बाजारात ७० मिलीमीटरचं काडतूस मिळतं. ते या बंदुकीत व्यवस्थित बसतं आणि बंदूक बंदही होते, त्यामुळे आपल्याला वाटतं की माप बरोबर आहे. पण काडतुसावरची लांबी तोंडाची घडी उलगडल्यानंतरची असते. बार होतो तेव्हा ती घडी उलगडते, पुढे जागा नसल्यानं नळीच्या अरुंद भागात घुसते आणि आतला दाब वाढतो. एखाददुसऱ्या बाराला बंदूक सोसते. कितव्या बाराला सोसणार नाही, हे ती आधी सांगत नाही.

नळ्या दस्त्यापासून वेगळ्या केल्या की खालच्या सपाट बाजूवर चेंबरचं माप कोरलेलं सापडतं. नाही सापडलं तर परवानाधारक गनस्मिथकडून मोजून घ्या. नळीवर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी असेल तर ती बहुधा दमास्कस पद्धतीची नळी. ती काळ्या दारूच्या जमान्यातली आहे, आजच्या धूररहित दारूसाठी ती नाही. भिंतीवर शोभते, तिथेच राहू द्या. तिलाही परवाना लागतोच, हे वेगळं सांगायला नको.

बारा बोअरची सेफ्टी, म्हणजे चुकून बार होऊ नये म्हणून असलेली कळ, बहुतेक वेळा फक्त चाप अडवते, आतला काडतुसावर आपटणारा घोडा नाही. भरलेली बंदूक कोपऱ्यात टेकवून ठेवली, कुणाचा धक्का लागून आडवी पडली तर सेफ्टी लावलेली असूनही बार होऊ शकतो. शेतावर रानडुकरांसाठी रात्रभर भरून ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. मोडून, म्हणजे नळी उघडी ठेवून, काडतुसं खिशात.

आणि आजोबा गेले म्हणून बंदूक आपोआप नातवाची होत नाही. परवाना माणसाचा असतो, घराण्याचा नाही. परवानाधारक वारला की हत्यार जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं आणि वारसानं स्वतःच्या नावे अर्ज करायचा. आजोबा हयात असताना, वयाची सत्तरी झाली असेल किंवा २५ वर्षं हत्यार बाळगलं असेल, तर २०१६च्या शस्त्र नियमांनुसार ते वारसाकडे सोपवण्यासाठी अर्ज करता येतो. आमच्याकडे हे वडिलांच्या हयातीत झालं. ज्यांच्याकडे होत नाही त्यांच्या माळ्यावर एक बेकायदा हत्यार पडून राहतं, आणि घर आवरताना ते पहिल्यांदा सापडतं ते बहुधा घरातल्या पोरांना.

गोळी कुठे थांबते?

तुमच्या घरात थांबेलच असं नाही. बेडरूमचं फ्लश डोअर, जिप्समचं पार्टिशन, खिडकीची काच यांतून ३२ची गोळी सहज पलीकडे जाते. चार इंची भिंतीवरही मी पैज लावणार नाही. म्हणून एका रविवारी दुपारी, हत्यार कपाटातच ठेवून, घरभर फिरा आणि बघा: मी इथे उभा, दार तिकडे, तर त्या रेषेत पलीकडे कोण झोपतं? आमच्या घरात हॉलच्या दाराच्या रेषेत समोरच्या फ्लॅटची मुलांची खोली आहे. म्हणजे तिथून माझ्यासाठी बार नाहीच, विषय संपला. दुसरी जागा शोधली: बेडरूममध्ये, दाराच्या तिरकस कोपऱ्यात, मागे इमारतीची काँक्रीटची शिअर वॉल.

हे करताना आणखी एक गोष्ट कळते. घरभर हत्यार घेऊन चोर शोधत हिंडायचं नाही. सगळ्यांनी एका खोलीत यायचं, कडी लावायची, ११२ला फोन करायचा, वॉचमनला कळवायचं आणि मोठ्यानं ओरडून सांगायचं की पोलीस येतायत. कोण कुणाला उचलणार, फोन कुणाच्या हातात, म्हातारी आई कुठल्या खोलीत, हे आधीच ठरलेलं हवं.

अंधारात नळीनं शोधणं

हल्ली पिस्तुलाला लावायचा टॉर्च मिळतो. दिसायला झकास. पण उजेड जिथे, नळीही तिथेच. काकांच्या पॅसेजमध्ये तो असता तर मुलगा ओळखू आला असता, फक्त त्याच्या छातीवर नळी रोखून. साधा हातातला टॉर्च उशाशी ठेवा. पॅसेजचा दिवा बेडरूममधूनही लागेल असं दुतर्फा बटण इलेक्ट्रिशियनकडून बसवून घेतलंत तर उत्तम. आणि आवाज द्या: 'कोण आहे?' आपल्याच माणसाला उत्तर द्यायला एवढं पुरतं.

बाकी सामानाचं थोडक्यात. होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं म्यान, असं हवं की चाप पूर्ण झाकला गेला पाहिजे. पॅन्टच्या मागे खोचणं सिनेमापुरतं. छऱ्याची एअरगन दाखवून कोयतेवाल्याला घाबरवायचं डोक्यात असेल तर ते काढून टाका, समोरच्याला ती खरीच वाटते आणि तोही मग खऱ्यासारखाच वागतो. ९ एमएम हवं म्हणून हट्ट धरू नका, ते प्रतिबंधित बोअर आहे, म्हणजे सामान्य नागरिकाला त्याचा परवाना मिळत नाही. दोनपेक्षा जास्त हत्यारं शस्त्र कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीनंतर ठेवता येत नाहीत. खरं तर पहिला खर्च बाहेरच्या जाळीच्या दारावर करावा. त्यालाही आपण सेफ्टी डोअरच म्हणतो, आणि पिस्तुलाच्या सेफ्टीपेक्षा माझा त्याच्यावर जास्त विश्वास आहे.

खोबरेल, पाऊस आणि 'फुस्स'

जूनमध्ये मुळशीला पाऊस लागला की चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवलेलं हत्यार दोन-तीन आठवड्यांत तांबूस पडतं. चामडं ओल धरतं. होल्स्टर बाळगायला, साठवायला नाही. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि पावसाळ्यात पंधरा दिवसांनी एकदा पुसा.

पुसताना तेल कुठलं? एका ओळखीच्या गृहस्थांचं पिस्तूल डिसेंबरात सकाळी चालेचना. घोडा पडायचा, काडतुसावर नुसता बारीकसा ठिपका उमटायचा. उघडून बघितलं तर काडतुसावर आपटणाऱ्या सुईच्या, म्हणजे फायरिंग पिनच्या, बिळात खोबरेल थिजलेलं. पुण्याच्या थंडीत बाटलीत जे होतं तेच तिथेही झालं होतं. बंदुकीचंच तेल वापरा, थेंबभर, आणि पिनच्या बिळात शक्यतो नाहीच. गंज सोडवायचा स्प्रे काडतुसांजवळ मारू नका, काडतुसाच्या बुडाशी पेट घेणाऱ्या टोपीत तो झिरपला की काडतूस बाद.

रेंजवर चाप दाबला आणि नुसता 'टिक' आवाज आला, तर लगेच उघडून बघायची घाई नको. नळी लक्ष्याकडेच ठेवून तीस सेकंद मोजा. कधी कधी बार उशिरा होतो. याहून वाईट म्हणजे 'फुस्स'. नेहमीचा दणका नाही, धक्का नाही, दिवाळीतल्या भिजलेल्या फटाक्यासारखा आवाज. गोळी नळीतच अडकलेली असू शकते. तिथेच थांबायचं. पिस्तूल रिकामं करायचं, नळी आरपार दिसते का हे उघडून बघायचं. दुसरी गोळी झाडली तर नळी फाटते, आणि ती तुमच्या हातात असते. काडतुसं आपल्या खडकीच्या १८६९ सालच्या कारखान्याची असोत नाहीतर परदेशी, पंधरा वर्षं माळ्यावर उन्हाळे-पावसाळे खाल्लेल्या डब्याचा भरवसा धरू नये.

रिकामी पुंगळी स्लाइडमध्ये उभी अडकत असेल तर पिस्तुलाला दोष देण्याआधी मनगट बघा. ढिलं धरलं की स्लाइडला मागे जायला टेकूच मिळत नाही. अंगठा स्लाइडच्या मागे असेल तर तो लवकरच रक्तानं शिकेल.

सराव म्हणजे गोळ्या संपवणं नव्हे

बालेवाडीच्या क्रीडासंकुलात पोरं तासन् तास नेमबाजी करतात. स्वप्नील कुसाळेनं २०२४मध्ये पॅरिस ऑलिंपिकला ब्राँझ मिळवलं ते ५० मीटरवर. तुमचा पॅसेज पाच मीटरचा आहे. त्या पोरांकडून घ्यायची ती शिस्त: आज्ञा होईपर्यंत बोट चापावर नाही. परवान्यासाठी लागणारं फॉर्म एस-१चं प्रशिक्षण प्रमाणपत्र हे लर्निंग लायसन्ससारखं समजा. घरी डमी काडतुसांवर कोरडा, म्हणजे गोळी न झाडता, सराव करा, पण त्या खोलीत एकही खरं काडतूस नको, आणि फोन आला, दूधवाला आला, मध्येच उठलात, तर सराव तिथेच बंद. 'एकदा शेवटचं' म्हणून परत बसणारे लोक टीव्ही फोडतात.

किल्ली फ्रिजवर, टोपलीत, गणपतीच्या फोटोमागे ठेवू नका. घरातल्या मुलांना आणि कामवाल्या मावशींना ती कुठे असते हे तुमच्याआधी माहीत असतं. हत्यार आणि काडतुसं वेगवेगळ्या कुलपात, लॉकर भिंतीत ठोकलेला. आणि घरात कुणी फार खचलेलं असेल, पिण्याचं प्रमाण वाढलं असेल, भांडणं टोकाला जात असतील, तर तेवढे महिने हत्यार विक्रेत्याकडे ठेवायला द्या. ते रीतसर पावती देतात. यात कमीपणा नाही. मी एकदा दिलं आहे, कारण विचारू नका.

'घरात घुसला म्हणजे मारायचा हक्क आहे'

पूर्ण खरं नाही. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ खासगी बचावाची आहेत. जरुरीपेक्षा जास्त इजा नाही आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हक्क नाही, असं कलम ३७ सांगतं. जबरी चोरी किंवा सूर्यास्तानंतरची घरफोडी असेल तर कलम ४१ मोठी मुभा देतं, पण कंपाउंडवरून उडी मारून पळणाऱ्याच्या पाठीत घातलेली गोळी हा बचाव ठरवणं कुठल्याही वकिलाला जड जाईल. लग्नात, वरातीत हवेत बार काढणं तर थेट गुन्हा: दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. नूतनीकरणाची तारीख मोबाइलमध्ये टाका. परवाना आता पाच वर्षांचा असतो आणि पाच वर्षांत माणूस हमखास विसरतो. निवडणुकीच्या वेळी जमा करायची नोटीस आली तर वाद घालू नका, पावती जपा.

काकांनी त्यानंतर पॅसेजला दुतर्फा बटण बसवलं आणि सेफ्टी डोअरला आतून कडी लावायला लागले. त्यामुळे मुलगा नुसत्या किल्लीनं आत येऊच शकत नाही. तो बसमधून उतरला की फोन करतो. काकू म्हणतात, पहाटे साडेचारला झोपमोड तशीही होते आणि अशीही, पण आता निदान चहा तरी वेळेवर टाकता येतो.