सकाळ इशापासून सुरू होते: फजरभोवती दिनक्रम कसा बसवावा

फजरला (पहाटेच्या नमाजला) जाग येत नसेल तर सकाळ नव्हे, आधी रात्र तपासा. इशाच्या (रात्रीच्या नमाजच्या) आधी झोपणं आणि इशानंतर गप्पा मारत बसणं, दोन्ही गोष्टी पैगंबरांना (सल्लल्लाहु अलैहि व सल्लम) नापसंत होत्या. दिनक्रमाची पहिली पायरी हीच: इशा झाली की तासाभरात अंथरुणावर. जेवण इशाच्या आधी उरकलेलं, उद्याचे कपडे काढून ठेवलेले, फोन हात पोहोचणार नाही इतक्या लांब.

हिशेब उलटा करा. फजरचा वक्त 5:00 ला सुरू होत असेल, जमात (मशिदीतली सामूहिक नमाज) 5:30 ला असेल, तर 5:05 ला उठायचं आणि सात तास झोप हवी असेल तर 10:05 ला डोळा लागलेला हवा. अंथरुणावर पडल्याबरोबर झोप लागत नाही, म्हणून 9:45 धरा. हे गणित न मांडता नुसता गजर लावला की तीन-चार दिवस उत्साहावर निघतात आणि पाचव्या दिवशी नमाज कजा होते, म्हणजे वेळेत राहून जाते.

गजर वर्षभर एकाच वेळेवर ठेवू नका. फजर सूर्याबरोबर सरकते, त्यामुळे दर शुक्रवारी वेळापत्रक पाहून गजर बदला. दोन वेळापत्रकांत फरक दिसला तर गोंधळू नका. पहाटे सूर्य क्षितिजाखाली 18 अंश असताना फजर धरायची की 15, यावर तो फरक अवलंबून असतो आणि त्यानं किमान बारा मिनिटं इकडची तिकडे होतात. तुमच्या मशिदीचं वेळापत्रक असेल तेच कायम वापरा.

आता उठण्याचा क्रम. हदीसमध्ये (पैगंबरांच्या वचनांत) येतं की झोपलेल्या माणसाच्या डोक्यामागे शैतान तीन गाठी मारतो. अल्लाहचं स्मरण केलं की पहिली सुटते, वुजू (नमाजआधी हात-तोंड-पाय धुणं) केला की दुसरी, नमाज अदा केली की तिसरी, आणि माणूस ताजातवाना होतो. तोच क्रम पाळा. डोळे उघडताच दुआ: ‘अल्हम्दु लिल्लाहिल्लजी अहयाना बअद मा अमातना व इलैहिन्नुशूर.’ मग लगेच उठून मिस्वाक (दातवण) आणि वुजू. मग दोन रकअत (नमाजच्या फेऱ्या) सुन्नत, म्हणजे पैगंबरांच्या रिवाजाच्या, त्या घरीच आणि हलक्या: पहिलीत कुरआनची सूरह (अध्याय) काफिरून, दुसरीत सूरह इख्लास. मग दोन रकअत फर्ज (अनिवार्य), शक्यतो जमातीनं. या तीन गाठींच्या मध्ये फोन येऊ देऊ नका. वेळ बघायला म्हणून हातात घेतलेला फोन संदेशांवर जातो आणि बघता बघता जमात निघून जाते. साधं घड्याळ आणा.

फर्ज झाल्यावर उठायची घाई नको. 33 वेळा सुब्हानल्लाह, 33 वेळा अल्हम्दुलिल्लाह, 34 वेळा अल्लाहु अकबर, कुरआनमधली आयतुल कुर्सी, मग इख्लास, फलक आणि नास या सूरह तीन-तीन वेळा. सगळं मिळून दहा मिनिटांच्या आत होतं. त्यानंतर तिलावत, म्हणजे कुरआनचं वाचन. 604 पानांच्या मुस्हफची (कुरआनच्या प्रतीची) रोज दोन पानं वाचली तर 302 दिवसांत खत्म (पूर्ण वाचन) होतो. एकदम पारा (कुरआनचा तिसावा भाग) धरू नका. दोन पानं समजून वाचणं जास्त टिकतं.

सगळ्यात जास्त सकाळी वाया जातात त्या फजरनंतर पुन्हा आडवं झाल्यामुळे. सूर्योदयानंतर 15 ते 20 मिनिटं थांबून इशराकच्या (सूर्योदयानंतरच्या ऐच्छिक नमाजच्या) दोन रकअत पढायच्या असं ठरवलं की जागं राहायला कारण मिळतं. तोवर आडवं होऊ नका, चालत चालत जिक्र (अल्लाहचं स्मरण) करा. मग दिवसातलं सर्वांत अवघड काम सलग एक ते दीड तास: अभ्यास, लिखाण, हिशेब, जे टाळलं जातं तेच. ‘या अल्लाह, माझ्या उम्मतला (अनुयायांच्या समुदायाला) तिच्या सकाळच्या वेळेत बरकत दे’ ही पैगंबरांची दुआ ज्यांनी रिवायत केली (पुढे सांगितली) ते सख्र गामिदी (रजि.) व्यापारी होते. ते आपला माल सकाळीच रवाना करत आणि त्यांची भरभराट झाली. कामावर लवकर निघावं लागत असेल तर अवघड काम फजर आणि सूर्योदयाच्या मध्ये घ्या. जिक्र वाटेत होऊ शकतो.

उन्हाळ्यात रात्र लहान होते, इशा उशिरा आणि फजर लवकर. तेव्हा सात तास सलग मिळणार नाहीत हे मान्य करा आणि दुपारी 20 ते 30 मिनिटांचा कैलूला (दुपारची डुलकी) घ्या. हीसुद्धा सुन्नतच आहे. झोप तासभर लांबली तर उठल्यावर जडपणा येतो आणि रात्रीची झोप बिघडते.

पाळीच्या ज्या दिवसांत स्त्रियांना नमाज माफ असते, तेव्हाही उठण्याची वेळ शक्यतो तीच ठेवावी आणि नमाजच्या जागी जिक्र व दुआ करावी. आठवडाभर घडी मोडली की परत बसवायला पुन्हा तितकेच दिवस जातात.

पहिल्याच दिवशी तहज्जुद (रात्री उशिराची ऐच्छिक नमाज), व्यायाम, तिलावत आणि अभ्यास असं सगळं अंगावर घेऊ नका. पहिले दोन आठवडे फक्त झोपेची वेळ आणि फजर. मग जिक्र, मग तिलावत, मग काम. तहज्जुद सगळ्यात शेवटी, फजरच्या आधी पंधरा मिनिटं आणि दोन रकअत. फजर झोपेत गेलीच तर जाग येताच कजा (राहिलेली नमाज) अदा करा. हनफी (इस्लामी कायद्याच्या एका परंपरेच्या) मतानुसार सूर्य नेमका उगवत असेल तर तेवढी वेळ जाऊ द्यावी. आणि त्या रात्री अर्धा तास आधी झोपा.