कोयनेलचे कुंपण लावण्याचे दिवस

आर्द्रा नक्षत्राचा पाऊस मातीत चांगला मुरला की बडोदे परिसरात कोयनेल लावण्यास योग्य काळ सुरू होतो आणि तो श्रावणाच्या मध्यापर्यंत टिकतो. वनजाई या नावानेही ओळखले जाणारे हे सदाहरित झुडूप मूळचे समुद्रकाठचे आहे. खाडीच्या कडेला, तिवरांच्या मागच्या उंच पट्ट्यात ते आपोआप वाढते आणि त्याची बुचासारखी हलकी फळे भरतीच्या पाण्यावर तरंगत दुसऱ्या किनाऱ्याला लागतात. अशा जमिनीत ओल असूनही मिठामुळे मुळांना ती सहज शोषता येत नाही. तिथे तग धरणारे झाड आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यातही हिरवे राहते, यात नवल नाही.

आपल्याकडे जवळजवळ सगळा पाऊस चार महिन्यांत पडतो आणि मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो. त्यात पादरा आणि पुढे जंबुसरच्या बाजूला अनेक ठिकाणी बोअरचे पाणी मचूळ असते. ड्युरांटाच्या कुंपणाला अशा ठिकाणी उन्हाळाभर पाणी पुरवत बसावे लागते, तर कोयनेल थोड्या पाण्यावर निभावते. पाने कडू असल्यामुळे गुरे-शेळ्याही सहसा त्याला तोंड लावत नाहीत. मोकळ्या शेतघराच्या कुंपणासाठी हा गुण मला सर्वांत मोलाचा वाटतो.

लागवड काड्यांपासून करावी. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, पक्व पण अजून लवचीक असलेल्या फांद्यांच्या १५ ते २० सेंटिमीटर लांबीच्या काड्या कापाव्यात. प्रत्येक काडीवर तीन-चार पेरे (पाने फुटतात त्या गाठी) असावीत, खालचा काप पेराच्या लगेच खाली घ्यावा आणि वरची दोन पाने ठेवून बाकीची काढून टाकावीत. वाळू, माती आणि कुजलेले शेणखत समप्रमाणात भरलेल्या पिशव्यांत दोन पेरे मातीत जातील अशा रीतीने काड्या खोचून पिशव्या सावलीत ठेवाव्यात. नवी पालवी दिसली म्हणून रोप लगेच हलवू नये, कारण काडीतल्या साठ्यावरही पालवी फुटते. हलक्या हाताने ओढल्यावर काडी घट्ट लागली तरच मुळे धरली असे समजावे. ३० सेंटिमीटर अंतराने १० मीटर लांबीच्या कुंपणाला सुमारे ३५ रोपे लागतात. काही काड्या वाया जातात, म्हणून ५० लावणे बरे.

गोराडू, म्हणजे वाळूमिश्रित हलक्या जमिनीत ४५ सेंटिमीटर खोल चर खणून त्यात शेणखत मिसळले की पुरते. काळ्या जमिनीत मात्र चराचाच हौद होतो. त्यामुळे तिथे चर न खणता माती वर ओढून वीतभर उंचीचा वरंबा करावा आणि रोपे त्याच्या माथ्यावर लावावीत. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदीचे पाणी बडोदे शहरात शिरले, तेव्हा सखल भागांतल्या कितीतरी आवारांत ते साचून राहिले होते. जुने कोयनेल असे थोडे दिवस सोसते. कोवळी मुळे सोसत नाहीत.

आता सर्वांत महत्त्वाचे. ‘कोयनेलला पाणी लागत नाही’ हे वाक्य पहिल्या वर्षी खरे नसते आणि त्यावर विसंबल्यामुळेच बहुतेक कुंपणे फसतात. दिवाळीनंतर आठवड्यातून एकदा आणि मार्चपासून पावसापर्यंत दोनदा, माती हातभर खोल भिजेल असे पाणी द्यावे. रोज वरवर शिंपडल्याने मुळे वरच राहतात आणि दुसऱ्या उन्हाळ्यात झाड कोमेजते. शक्य असल्यास पहिल्या वर्षी गोडे पाणी द्यावे. बोअरच्या पाण्याने मातीवर पांढरा थर धरत असेल, तर रोपांभोवती वाळक्या पानांचे किंवा उसाच्या पाचटाचे आच्छादन घालावे, म्हणजे बाष्पीभवन मंदावते आणि मीठ पृष्ठभागावर कमी साचते. पुढच्या पावसात ते खाली धुऊन जाते.

छाटणी घाईची वाटली तरी ती वेळेवर करावी. रोप गुडघ्याएवढे झाले की निम्म्यावर कापावे. मी माझ्या अंगणात एका वर्षी हे जिवावर आले म्हणून टाळले आणि कुंपण वर दाट, बुंध्याशी उघडे राहिले. पुढे दोन वर्षे ते भरून निघाले नाही. कोवळ्या शेंड्यांवर पिठ्या ढेकूण (पांढरी, कापसासारखी दिसणारी कीड) दिसल्यास ते शेंडे कापून नष्ट करावेत, उरलेल्या फांद्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवाव्यात आणि मग लिटरभर पाण्यात ५ मिलिलिटर निंबोळी तेल व थोडा साबण मिसळून संध्याकाळी फवारावे. पाने औषधी म्हणून सांगितली जातात, तरी घरच्या घरी काढा करून पिऊ नये.

सतत कात्री चालवलेल्या कुंपणाला फुले येत नाहीत. म्हणून मागच्या बाजूचा दोन-तीन मीटरचा तुकडा न कापता वाढू द्यावा. लांब नळीची पांढरी फुले आणि त्यांतून बाहेर झुकलेले जांभळट पुंकेसर तिथे दिसतील.