रस्त्याकडेचा धोत्रा नेमका कोणता, हे कसे ओळखावे

पुण्यात मुठेच्या काठी, टेकड्यांच्या पायथ्याशी आणि राडारोडा टाकलेल्या मोकळ्या जागांवर दिसणारे, कर्ण्यासारख्या फुलांचे झुडूप धोत्र्याचे आहे, एवढे सर्वांनाच कळते. अडते ते जातीपाशी. मूळची मेक्सिकोकडची आणि आता येथे रानोमाळ पसरलेली दतुरा इनॉक्सिया, आणि आपल्याकडे फार पूर्वीपासून परिचित असलेली दतुरा मेटेल, या दोघींत नेहमी गफलत होते.

फुले संध्याकाळी उमलतात आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढताच मलूल होतात, म्हणून तिन्हीसांजेला जावे.

‘पांढरे फूल पाहा, झाले’ हा सल्ला निरुपयोगी आहे. गडद जांभळे किंवा दुहेरी फूल मेटेलकडे बोट दाखवते, हे खरे. परंतु साधे पांढरे फूल दोन्ही जातींना येते.

खरी कसोटी लव आणि बोंड यांची आहे. इनॉक्सियाच्या देठांवर व पानांवर मऊ, दाट लव असते आणि तिच्यामुळे झाड करडे दिसते. मेटेल जवळजवळ गुळगुळीत असते. मात्र पुण्यातल्या बांधकामांच्या धुळीने कोणतेही पान करडे दिसते, त्यामुळे कोवळी फांदी पाण्याने धुऊन, उजेडाच्या दिशेने धरून, भिंगातून पाहिल्याशिवाय निर्णय देऊ नये. मेटेलच्या अगदी कोवळ्या भागांवरही थोडी लव असू शकते, म्हणून बोंड पाहणे मी अपरिहार्य मानतो. दोघींचीही बोंडे खाली झुकलेली असतात. त्यांवर लांब, बारीक, टोकदार काटे दाटीने असतील तर ती इनॉक्सिया, आणि आखूड, बोथट उंचवटे असतील तर मेटेल. बोंड ताठ उभे राहून पिकल्यावर चार सारख्या भागांत उकलत असेल, तर दोन्ही सोडून दतुरा स्ट्रॅमोनियमचा विचार करावा. नुसत्या फुलाच्या छायाचित्रावरून कोणी छातीठोकपणे नाव सांगत असेल, तर विश्वास ठेवू नये.

हे सर्व हातमोजे घालूनच करावे. झाडाच्या प्रत्येक भागात अ‍ॅट्रोपीन, स्कोपोलामीन यांसारखी विषारी द्रव्ये असतात. रस लागलेले बोट डोळ्याला लागले, तर बाहुली विस्फारून काही काळ धूसर दिसते. चव घेऊन पाहण्याचा तर विचारही करू नये.

तरीही शंका राहिल्यास फूल आणि बोंड दोन्ही असलेली फांदी कागदात दाबून वाळवावी आणि परवानगी घेऊन भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पुण्यातील केंद्राच्या संग्रहातील नमुन्यांशी ताडून पाहावी.